सेवा चालते, न्यायाची मागणी का खुपते?

३१ मार्च २०२५ रोजी मंडला जिल्ह्यातील काही कॅथलिक भाविक ज्युबिली वर्षानिमित्त जबलपूरमधील चर्चच्या दर्शनाला निघाले होते. त्यांची बस वाटेत अडवण्यात आली आणि प्रकरण रांझी पोलीस ठाण्यात गेले. मदतीसाठी तेथे पोहोचलेल्या धर्मप्रांताच्या दोन धर्मगुरूंना ठाण्याच्या आवारातच मारहाण झाली. चार दिवसांत या घटनेचे पडसाद संसदेत उमटले. आक्षेप धर्मांतराचा होता आणि बसमधील माणसे आधीपासूनच कॅथलिक होती. या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिच्यामागच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. ज्या शहराने दीडशे वर्षे ख्रिस्ती संस्थांकडून शिक्षण आणि उपचार घेतले, तेथे त्या संस्थांमागचा समाज रस्त्यावर दिसताच संशयास्पद का ठरतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जबलपूरच्या छावणी भागातील सदर ही चांगली जागा आहे. येथे सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या नावाचे कॅथीड्रल आहे. १८६८ मध्ये स्थापन झालेली सेंट अलॉयशियस शाळाही येथेच आहे. जबलपूरचा स्वतंत्र मिशन विभाग १९३२ साली डच नॉर्बर्टाइन धर्मगुरूंच्या हाती सोपवला गेला आणि १९५४ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकसंख्या २,१३,२८२ होती. एकूण लोकसंख्येशी प्रमाण ०.२९ टक्के. या चिमूटभर समाजाच्या शाळांत प्रवेश मिळावा म्हणून सर्व धर्मांचे पालक धडपडतात. सेवा सर्वांना हवी आहे. पण त्याच समाजातील कोणी मजुरीचा दर, जमिनीचा पट्टा किंवा मतदारयादीतील नाव याविषयी विचारू लागला, की 'यांचा याच्याशी काय संबंध?' हा प्रश्न तयार असतो.

संबंध कसा येतो, हे समजण्यासाठी 'पॅरिश' म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. वसईचे मराठी ख्रिस्ती तिला 'धर्मग्राम' म्हणतात आणि तो शब्द नेमका आहे. एक चर्च, त्याचा धर्मगुरू आणि ठरलेल्या हद्दीतील कुटुंबे मिळून धर्मग्राम होतो. जन्म, विवाह, आजारपण आणि मृत्यू या चारही प्रसंगी धर्मगुरूचे पाऊल घरात पडते. कोणाची पेन्शन अडली आहे, कोणाच्या घरात सावकाराचा तगादा आहे, कोणती मुलगी शाळा सोडून धुणीभांडी करू लागली आहे, हे त्याला तलाठ्याआधी कळते. एवढे कळल्यावर केवळ धान्याची पिशवी देऊन परतायचे की पेन्शन का अडली ते कार्यालयात जाऊन विचारायचे, हा निर्णय प्रत्येक धर्मग्रामाला कधी ना कधी घ्यावा लागतो. पहिला मार्ग सेवेचा आहे, दुसरा न्यायाचा.

कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण दुसऱ्या मार्गाला परका मानत नाही. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरम नोवारम' या परिपत्रकात कामगारांच्या न्याय्य वेतनाचा व संघटनेच्या हक्काचा पुरस्कार केला. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले, त्यामागे याच परंपरेचे स्मरण आहे. दुसऱ्या बाजूने पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या परिपत्रकात मर्यादाही आखून दिली. राजकीय लढाई चर्चने स्वतःच्या हाती घेऊ नये, परंतु न्यायाच्या लढ्यात काठावर बसूनही राहू नये, असा त्याचा आशय आहे. ही मर्यादा कागदावर स्पष्ट असली तरी गावात ती पाळणे अवघड असते.

संशयाचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकाला हा संशय केवळ आजच्या राजकारणाची उपज म्हणून बाजूला सारता येत नाही. १८८५ मध्ये बेल्जियन जेझुइट कॉन्स्टंट लिव्हन्स छोटा नागपूरमधील तोरपा येथे आले. मुंडा शेतकरी जमीनदारांच्या वेठबेगारीने व खोट्या दाव्यांनी गांजलेले होते. लिव्हन्स यांनी त्यांना न्यायालयात कसे उभे राहायचे ते शिकवले. न्याय मिळू लागला आणि हजारो कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे उत्तराधिकारी जॉन हॉफमन यांनी मुंडारी भाषा आणि जमीनधारणेचा सखोल अभ्यास केला. आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देणाऱ्या १९०८ च्या छोटा नागपूर कुळ कायद्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सहकारी पतसंस्था उभी केली. तो कायदा आजही आदिवासींच्या जमिनीची ढाल आहे, मग तो आदिवासी सरना मानणारा असो वा ख्रिस्ती. एकाच प्रयत्नाची ही दोन फळे आहेत. लाभ सर्वांना देणारा कायदा हे एक; मदत आणि धर्मांतर यांची पडलेली गाठ हे दुसरे.

या दुसऱ्या फळाची कडू चव १९५४ मध्ये पुन्हा समोर आली. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि विदर्भ त्याच राज्यात होता. रविशंकर शुक्ल सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. समितीने १४ जिल्ह्यांत दौरे केले, अकरा हजारांहून अधिक लोकांशी संपर्क साधला आणि १९५६ मध्ये अहवाल दिला. शाळा, दवाखाने, कर्ज या साधनांचा धर्मांतरासाठी वापर होतो, असा तिचा निष्कर्ष होता. चर्चने तो एकतर्फी ठरवला. हिंदुत्ववादी संघटनांनी तो प्रमाणग्रंथ मानला. माझ्या मते अहवालाचा सर्वांत दूरगामी परिणाम प्रशासनाच्या मनोवृत्तीवर झाला. आदिवासी भागातील ख्रिस्ती कार्यकर्ता काय मागतो आहे, यापेक्षा तो कशासाठी मागत असेल, हे शोधण्याची सवय आपल्या यंत्रणेला लागली.

त्या सवयीला पुढे कायद्याचे रूप मिळाले. १९६८ च्या मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य अधिनियमाने बळ, प्रलोभन वा फसवणुकीने केलेले धर्मांतर गुन्हा ठरवले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्टॅनिस्लाउस खटल्यात तो कायदा वैध ठरवताना सांगितले, की अनुच्छेद २५ मधील प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. २०२१ च्या नव्या कायद्याने शिक्षा वाढवल्या आणि धर्मांतरापूर्वी ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले. ही अट मोडणाऱ्यांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२२ मध्ये जबलपूरच्याच उच्च न्यायालयाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती देण्यास नकार दिला.

या कायद्यातील एक तरतूद मात्र चर्चेत फारशी येत नाही. कलम ४ नुसार धर्मांतरित व्यक्तीने, तिच्या आईवडिलांनी वा भावंडांनी किंवा न्यायालयाच्या परवानगीने अन्य नातेवाइकांनी लेखी तक्रार केल्याशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कायदा कडक करणाऱ्या विधिमंडळानेच हे कुंपण घातले आहे. २०२३ मध्ये कटनीतील एका बालगृहाच्या प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना उच्च न्यायालयाने याच तरतुदीवर बोट ठेवले. म्हणजे रस्त्यात बस अडवणारा जमाव या कायद्याच्या नजरेत तक्रारदारच नव्हे. कायद्याची अंमलबजावणी हवी, असे म्हणणाऱ्यांनी हे कलमही वाचले पाहिजे.

'हालचाली' आणि 'कार्य'

तीन दशकांहून अधिक काळ प्रशासनात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. सरकारी नस्तीत दवाखाना 'कार्य' म्हणून नोंदवला जातो आणि मजुरांची बैठक 'हालचाल' म्हणून. दवाखान्याने सरकारचा भार हलका होतो. बैठकीने सरकारला उत्तर द्यावे लागते. यात धर्माचा भाग आहेच, पण केवळ धर्माचा नाही. गांधीवादी आणि समाजवादी संघटनांचाही असाच अनुभव आहे. ख्रिस्ती संस्थांच्या बाबतीत परकीय निधीचा मुद्दा त्यात मिसळतो, एवढेच.

परकीय निधीविषयी कायद्याची स्थिती समजून घेण्यासारखी आहे. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परकीय निधी देण्यावर बंदी घातली, प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा २० टक्क्यांवर आणली आणि दिल्लीतील एकाच बँकशाखेत खाते सक्तीचे केले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. पण त्याआधी, ६ मार्च २०२० रोजी 'इन्साफ' या संघटनेच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने म्हटले होते, की सक्रिय वा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेली संस्था सनदशीर मार्गाने जनतेच्या प्रश्नाला पाठिंबा देत असेल तर तेवढ्याने ती राजकीय ठरत नाही. सरकारला हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. हिशेब मागण्याच्या निमित्ताने तोंड बंद करण्याचा मात्र नाही.

व्यवहारात तोंड बंद करण्यासाठी नोटीसही लागत नाही. ज्या धर्मप्रांताकडे शाळांच्या मान्यता, वसतिगृहांचे परवाने, भाडेपट्ट्याच्या जमिनी आणि निधीची नोंदणी आहे, तो आपोआपच सावध होतो. मे २०२४ मध्ये जबलपूर प्रशासनाने जादा शुल्क घेतल्यावरून ११ खासगी शाळांविरुद्ध गुन्हे नोंदवले. त्यांत ख्रिस्ती संस्थांच्या शाळाही होत्या. आरोपांचा निवाडा न्यायालयात होईल. पण अशा वातावरणात कोणता धर्मगुरू वस्तीतील मजुरांबरोबर जिल्हाधिकारी कार्यालयात जाण्याचे धाडस करील? चर्चची शक्ती ज्या संस्थांत आहे, त्याच संस्था तिच्या धाडसावर पडलेले ओझे ठरतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शुल्काबाबत पालकांना, वेतनाबाबत शिक्षकांना आणि वागणुकीबाबत दलितांना आपण न्याय देतो का, हे चर्चने स्वतःला विचारायला हवे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितविषयक धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. धर्मांतरानंतरही दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात, ही चर्चची १९५० च्या राष्ट्रपती आदेशाविरुद्धची मागणी जुनी आहे. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये या सवलती मिळाल्या. ख्रिस्ती व मुस्लिम दलितांचा प्रश्न २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोगाकडे सोपवण्यात आला. पण राज्याकडे समतेची मागणी करणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या अंगणात वेगळी दफनभूमी असेल, तर तिचा आवाज खालीच येणार.

तीन अनुभव

धर्मग्रामाने न्यायाच्या प्रश्नात पडावे कसे, याची उत्तरे आपल्याच देशात सापडतात. मध्य प्रदेशातील अनुभव सर्वांत वेदनादायक आहे. केरळहून आलेल्या धर्मभगिनी राणी मारिया देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात भूमिहीन आदिवासींमध्ये काम करीत होत्या. त्यांनी बचत गट उभे केले, सरकारी योजना लोकांपर्यंत नेल्या आणि त्यामुळे सावकारांचे उत्पन्न आटले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये त्यांच्यावर वार करून त्यांचा खून करण्यात आला. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे चर्चने त्यांना धन्यवादित घोषित केले. वेदीवर त्यांची प्रतिमा आली हे योग्यच झाले. पण संतपदाच्या तेजात त्यांच्या मृत्यूचे कारण झाकले जाऊ नये. त्या कर्जाच्या व्याजदराशी लढताना मारल्या गेल्या.

दुसरा अनुभव केरळमधील विळिंजम बंदराचा. २०२२ मध्ये किनाऱ्याची धूप आणि मच्छीमारांचे पुनर्वसन या प्रश्नांवर तिरुवनंतपुरमच्या लॅटिन महाधर्मप्रांताने आंदोलन उभे केले. मागण्या खऱ्या होत्या आणि सहभाग प्रचंड होता. पण आघाडीवर धर्मगुरू होते आणि संघटना चर्चचीच होती. बंदराच्या समर्थनार्थ इतर समाजांतील लोक उभे राहताच जगण्याच्या प्रश्नाला जमातवादी रंग चढला. नोव्हेंबरअखेर पोलीस ठाण्यावर हल्ला झाला आणि डिसेंबरच्या आरंभी आंदोलन मागे घ्यावे लागले. धूप हिंदू वा मुस्लिम मच्छीमाराचेही घर नेत होती. आंदोलनाचा चेहरा मात्र एकाच समाजाचा राहिला.

तिसरा अनुभव आपल्या वसईचा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला आणि विहिरींचे गोडे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून लढा उभारला. दिब्रिटो धर्मगुरू होते आणि 'सुवार्ता' या मासिकाचे संपादकही. मात्र मागणीचा विषय पाणी हा होता. त्या पट्ट्यात सामवेदी ब्राह्मण, वाडवळ आणि ख्रिस्ती बागायतदार एकाच भूजलावर जगतात. विहीर खारट झाली तर सर्वांचीच होते. भाषा मराठी होती आणि साधने सनदशीर होती: मोर्चा, निवेदन, लेखणी. त्यांनाही धमक्या आल्या, आरोप झाले. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ते निवडले गेले तेव्हा त्यांच्या धर्मावरून काहूर उठवले गेले. पण ते टिकले नाही, कारण तोवर महाराष्ट्र त्यांना पाण्यासाठी लढणारा माणूस म्हणून ओळखत होता. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. वसईतील बांधकामे थांबली नाहीत, हे खरे. तरीही धर्मगुरूने नागरिक म्हणून कसे बोलावे, याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला.

सदरसाठी काय?

हे धडे सदरला कसे लागू पडतात? छावणी भागात नागरी हक्कांचा प्रश्न धर्मनिरपेक्षपणे उभा आहे. २०१६ मध्ये पचमढी छावणीविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अनधिकृत, घरक्रमांक नसलेल्या घरांतील रहिवासी छावणी परिषदेचे मतदार ठरत नाहीत. त्यानंतर देशभरच्या छावण्यांतील मतदारयाद्यांतून नावे वगळली गेली. ५७ परिषदांची ३० एप्रिल २०२३ रोजी ठरलेली निवडणूकही आयत्या वेळी रद्द झाली. गटाराची तक्रार घेऊन निवडून दिलेल्या प्रतिनिधीकडे जाण्याची सोयच अशा वस्त्यांना उरत नाही. शहरापासून जवळच असलेल्या बरगी धरणाने अंदाजापेक्षा जास्त, म्हणजे १०१ ऐवजी १६२ गावे बाधित केली. त्यांतील अनेक कुटुंबे मजुरीसाठी जबलपूरच्या झोपडपट्ट्यांत आली. यांत कोणी ख्रिस्ती आहे का, हा प्रश्नच गौण आहे. धर्मग्रामाच्या हद्दीत ही माणसे राहतात, एवढे पुरेसे आहे.

चर्चने यात पडताना तीन पथ्ये पाळावीत. मागणी प्रभावित लोकांच्या नावे आणि त्यांच्याच संघटनेतून यावी; धर्मगुरूने मागे उभे राहावे. मदत घेणाऱ्याच्या धर्माचा, आजच्या वा उद्याच्या, मदतीशी काडीचाही संबंध नसावा आणि हे चर्चने लेखी, जाहीर व तपासता येईल असे सांगावे. लिव्हन्स यांच्या काळात पडलेली गाठ सोडवण्याची जबाबदारी आज चर्चवरच आहे. तिसरे, या कामाचा खर्च स्थानिक वर्गणीतून व्हावा. परदेशी पैशावर उभा राहिलेला दवाखाना चालून जातो. परदेशी पैशावर उभे राहिलेले निवेदन चालत नाही आणि लोकशाहीत ते चालूही नये.

प्रशासनाकडून अपेक्षा याहून साधी आहे. अर्जावर सही कोणाची आहे, हे पाहण्यापूर्वी अर्जात काय आहे ते वाचावे. पेन्शन देय असेल तर ती मिळवून देणाऱ्याच्या गळ्यातील क्रूस अप्रस्तुत ठरतो. देय नसेल तर तो क्रूस कामी येऊ नये. धर्मांतराची तक्रार आली तर कलम ४ प्रमाणे तक्रारदार कोण ते तपासावे आणि पात्र तक्रार असेल तर निर्भीडपणे तपास करावा. जमावाने आणलेल्या माणसांना पोलीस ठाण्यात संरक्षण मिळालेच पाहिजे. तो त्यांच्यावरचा उपकार नव्हे.

२०२१ च्या जुलैमध्ये ८४ वर्षांचे जेझुइट स्टॅन स्वामी विचाराधीन कैदी म्हणून मुंबईच्या रुग्णालयात मरण पावले. त्यांच्यावरील आरोपांची न्यायालयात शहानिशा झालीच नाही. झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या विचाराधीन आदिवासी कैद्यांचा प्रश्न मांडण्यात त्यांची शेवटची वर्षे गेली होती. त्यांच्याविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर राज्याने द्यायचे आहे आणि ते अजून दिलेले नाही. धर्मग्राम जेव्हा न्यायाविषयी बोलतो, तेव्हा बोलणाऱ्याची चौकशी करणे सोपे असते. प्रश्नाची चौकशी करणे अवघड असते आणि शासनव्यवस्था नेमकी त्याच कामासाठी नेमलेली असते.